हे नेमकं लिहिलं कोणी? शब्द मोजून लेखक ओळखणारं शास्त्र काय आहे?

एप्रिल २०१३. ब्रिटनमध्ये 'द कुकूज कॉलिंग' नावाची एक डिटेक्टिव्ह कादंबरी बाजारात आली. लेखकाचं नाव रॉबर्ट गॅलब्रेथ. लष्करी पोलिसातून बाहेर पडलेला माणूस, आता खासगी सुरक्षा क्षेत्रात काम करतो आणि ही त्याची पहिलीच कादंबरी, अशी त्याची ओळख दिली होती. परीक्षणं चांगली आली, पण खप बेताचाच. पहिल्या तीन महिन्यांत हार्डबॅकच्या जेमतेम दीड हजार प्रती गेल्या.

मग जुलैमध्ये 'संडे टाइम्स'च्या एका पत्रकाराला ट्विटरवर एक निनावी टीप मिळाली. ही कादंबरी कुणा नवख्याची नाही, हॅरी पॉटरवाल्या जे. के. रोलिंग यांची आहे, असं त्यात म्हटलं होतं.

वृत्तपत्रानं शोध घेतला. गॅलब्रेथ आणि रोलिंग यांचा एजंट एकच निघाला. प्रकाशनसंस्था आणि संपादकही एकच. संशय बळावला, पण छापायला एवढं पुरेसं नव्हतं. म्हणून त्यांनी कादंबरीचा मजकूर दोन तज्ज्ञांकडे पाठवला. एक अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या ड्यूकेन विद्यापीठाचे पॅट्रिक जुओला आणि दुसरे ऑक्सफर्डचे पीटर मिलिकन. दोघांनीही गोष्ट आवडली की नाही, हे सांगायचं नव्हतं. त्यांनी फक्त शब्द मोजायचे होते.

दोघांचीही उत्तरं रोलिंग यांच्या दिशेनं गेली. वृत्तपत्रानं थेट विचारणा केली तेव्हा रोलिंग यांच्या बाजूनं कबुली आली आणि १४ जुलै २०१३ ला बातमी छापून आली. कालपर्यंत दुकानात पडून असलेली कादंबरी ॲमेझॉनच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

शब्द मोजून लेखक कसा ओळखला? हे शास्त्र किती भरवशाचं आहे? आणि व्हॉट्सॲपवर पु. लं.च्या नावानं फिरणारा मेसेज खरंच पु. लं.चा आहे का, हे त्यातून कळेल का?

स्टायलोमेट्री म्हणजे काय?

लिहिण्याच्या शैलीचं आकड्यांत मोजमाप करणाऱ्या या शास्त्राला स्टायलोमेट्री म्हणतात. मराठीत शैलीमापन म्हणता येईल. एखाद्या लिखाणात कोणता शब्द किती वेळा येतो, शब्द किती लांबीचे आहेत, कोणते दोन शब्द वारंवार शेजारी येतात, अक्षरांचे कोणते गट पुन्हा पुन्हा दिसतात, हे सगळं मोजायचं. मग ज्यांच्यावर संशय आहे, त्या लेखकांच्या खात्रीच्या लिखाणाशी ते ताडून पाहायचं.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. लेखक ओळखायचा म्हणजे त्याचे खास, जड, लक्षात राहणारे शब्द शोधायचे, असं आपल्याला वाटतं. शैलीमापन करणारे नेमके ते शब्द बाजूला ठेवतात. त्यांना रस असतो तो 'आणि', 'पण', 'तर', 'की', 'मात्र' अशा शब्दांत. इंग्रजीत 'द', 'ऑफ', 'अपॉन', 'बाय' वगैरे.

याचं कारण सोपं आहे. खास शब्द विषयावर अवलंबून असतात. क्रिकेटवर लिहिलं की 'विकेट' येणार, पावसावर लिहिलं की 'ढग' येणार. ते कुणीही लिहिलं तरी येतील. शिवाय खास शब्द उचलता येतात. एखाद्या लेखकाची नक्कल करायची तर त्याची ठेवणीतली विशेषणं कुणीही वापरू शकतं.

बारीकसारीक शब्दांचं तसं नाही. 'पण' लिहायचं की 'परंतु', 'आणि' लिहायचं की 'व', हे लिहिताना कुणी ठरवत बसत नाही. हात सवयीनं चालतो. ही सवय विषय बदलला तरी सहसा फार बदलत नाही आणि लपवायची म्हटली तरी पूर्ण लपत नाही, कारण आपल्याला ती आहे हेच आपल्याला माहीत नसतं.

सुरुवात करणारा माणूस मदुराईत जन्मला होता

ही कल्पना संगणकापेक्षा खूप जुनी आहे. १८५१ मध्ये ब्रिटिश गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी एका पत्रात ती मांडली. हे तेच डी मॉर्गन ज्यांचे नियम अकरावी-बारावीच्या गणितात शिकवले जातात. त्यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईत झाला होता. बायबलमधली संत पॉल यांच्या नावावरची पत्रं खरंच एकाच माणसानं लिहिली का, हा वाद तेव्हाही होता. डी मॉर्गन यांनी सुचवलं की प्रत्येक पत्रातल्या शब्दांची सरासरी लांबी काढून पाहा, कदाचित उत्तर मिळेल.

हे प्रत्यक्ष करून पाहिलं अमेरिकेतल्या थॉमस मेंडेनहॉल या भौतिकशास्त्रज्ञानं. १८८७ मध्ये त्यांनी 'सायन्स' नियतकालिकात लेख लिहिला. एका अक्षराचे शब्द किती, दोन अक्षरांचे किती, तीन अक्षरांचे किती, अशी मोजणी करून प्रत्येक लेखकाचा आलेख काढायचा. माणसाची सही जशी ठरलेली तसा हा आलेखही ठरलेला असेल, असा त्यांचा अंदाज होता.

पुढे त्यांनी मोठा प्रश्न हातात घेतला. शेक्सपिअरची नाटकं खरं तर फ्रान्सिस बेकन यांनी लिहिली, असं मानणारे लोक त्या काळी बरेच होते. मेंडेनहॉल यांनी दोन महिलांना कामाला लावलं. एकीनं शब्द मोजायचा, दुसरीनं यंत्रावर बटण दाबायचं. अशा रीतीनं शेक्सपिअरचेच सुमारे ४ लाख शब्द हातानं मोजले गेले. १९०१ मध्ये निकाल आला. शेक्सपिअरच्या लिखाणात सर्वाधिक शब्द चार अक्षरी होते, तर बेकनच्या लिखाणात तीन अक्षरी. दोघांचे आलेख जुळत नव्हते.

गंमत म्हणजे शेक्सपिअरचा समकालीन नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याचा आलेख मात्र शेक्सपिअरशी बराच जुळला. मग काय, शेक्सपिअर म्हणजेच मार्लो, असं म्हणणाऱ्यांना बळ मिळालं.

पण या मोजणीत एक मोठी चूक होती. १९७५ मध्ये कीटकशास्त्रज्ञ सी. बी. विल्यम्स यांनी ती दाखवून दिली. शेक्सपिअर आणि मार्लो यांची नाटकं मुख्यतः पद्यात आहेत. बेकनचं लिखाण गद्यात. एकच माणूस पद्य आणि गद्य लिहितो तेव्हाही त्याच्या शब्दांच्या लांबीत असाच फरक पडतो. म्हणजे मेंडेनहॉल यांना जो फरक दिसला, तो दोन माणसांमधला नसून दोन लेखनप्रकारांमधलाही असू शकतो.

शैलीमापनाचा पहिला धडा इथे मिळतो. तुलना सारख्याची सारख्याशी हवी. नाटकाची नाटकाशी, लेखाची लेखाशी.

१२ निबंध आणि दोन नेत्यांचं भांडण

शैलीमापनाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेच्या राज्यघटनेशी जोडलेल्या एका प्रकरणातून.

१७८७ मध्ये अमेरिकेची नवी राज्यघटना तयार झाली. ती न्यूयॉर्क राज्यानं मंजूर करावी म्हणून तिथल्या वर्तमानपत्रांत निबंध छापून येऊ लागले. लेखकाचं नाव एकच, 'पब्लिअस'. पुस्तकरूपात ते ८५ निबंध झाले आणि 'द फेडरलिस्ट' या नावानं ओळखले गेले. या टोपणनावामागे तिघं होते. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे.

पुढे हॅमिल्टन आणि मॅडिसन राजकारणात एकमेकांचे विरोधक झाले. १८०४ मध्ये हॅमिल्टन द्वंद्वयुद्धात मारले गेले. कोणता निबंध कुणाचा, याची एक यादी ते मागे ठेवून गेले होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेल्या मॅडिसन यांनी १८१८ मध्ये आपली यादी दिली. दोन्ही याद्या जुळेनात. १२ निबंध असे होते की ते दोघांच्याही यादीत आपापल्या नावावर होते.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नव्हता. घटनेतल्या कलमाचा अर्थ लावताना अमेरिकेची न्यायालयं आजही या निबंधांचा आधार घेतात. त्यामुळे कोणतं मत कुणाचं, याला वजन आहे. इतिहासकार दीडशे वर्षं वाद घालत राहिले.

१९४१ मध्ये फ्रेडरिक मॉस्टेलर आणि फ्रेडरिक विल्यम्स यांनी वाक्यांची सरासरी लांबी मोजून पाहिली. हॅमिल्टन यांची सरासरी आली ३४.५५ शब्द. मॅडिसन यांची ३४.५९. म्हणजे जवळपास एकच. सगळी मेहनत पाण्यात.

पुढे मॉस्टेलर यांनी डेव्हिड वॉलेस यांच्यासोबत पुन्हा काम सुरू केलं. यावेळी त्यांनी बारीकसारीक शब्द धरले आणि संगणकाची मदत घेतली. इथे फरक दिसू लागला. 'वर' या अर्थाचा इंग्रजी शब्द 'अपॉन' हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीन वेळा वापरत. मॅडिसन पाच-सहा हजार शब्दांत कसाबसा एकदा. 'जेव्हा' किंवा 'तर' अशा अर्थानं हॅमिल्टन 'व्हाइल' लिहीत, मॅडिसन त्याच जागी 'व्हाइल्स्ट'.

एकट्या 'अपॉन'वर निकाल देता येत नाही. म्हणून त्यांनी असे अनेक शब्द निवडले आणि प्रत्येक शब्दाचा पुरावा एकत्र करत शक्यता कुणाकडे किती झुकते, याचं गणित मांडलं. १९६४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. निष्कर्ष असा की वादातले सगळे १२ निबंध मॅडिसन यांचे असण्याची शक्यता खूपच जास्त आहे. ५५ क्रमांकाच्या निबंधाचा पुरावा बाकीच्यांच्या मानानं कमजोर होता, पण त्याचाही कल मॅडिसन यांच्याकडेच होता.

संगणक नेमकं करतो काय?

समजा, एका जुन्या दिवाळी अंकात एक निनावी लेख सापडला. तो 'क' या लेखकाचा असेल किंवा 'ख' या लेखिकेचा, अशी शंका आहे. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण पद्धत खरी आहे.

पहिली पायरी : 'क' आणि 'ख' यांचे त्याच काळातले, त्याच प्रकारचे, खात्रीचे लेख गोळा करायचे.

दुसरी पायरी : सर्वाधिक वेळा येणाऱ्या शे-दोनशे शब्दांची यादी काढायची. यात बहुतेक बारीकसारीक शब्दच येतात.

तिसरी पायरी : प्रत्येक लेखक हा शब्द हजार शब्दांमागे किती वेळा वापरतो, ते मोजायचं. समजा 'क' हजार शब्दांत 'पण' ९ वेळा आणि 'परंतु' एकदा लिहितो. 'ख' 'पण' ३ वेळा आणि 'परंतु' ६ वेळा लिहिते. निनावी लेखात 'पण' ८ वेळा आणि 'परंतु' एकदा आहे.

चौथी पायरी : प्रत्येक शब्दासाठी निनावी लेख 'क'पासून किती लांब आणि 'ख'पासून किती लांब, हे अंतर काढायचं. मग सगळ्या शब्दांच्या अंतरांची सरासरी घ्यायची. ज्याच्यापासून अंतर कमी, त्याचा लेख असण्याची शक्यता जास्त.

ऑस्ट्रेलियातले अभ्यासक जॉन बरोज यांनी २००२ मध्ये याच धर्तीवर 'डेल्टा' नावाची पद्धत मांडली. ती आजही मोठ्या प्रमाणात वापरली जाते. तिची खुबी अशी की ती प्रत्येक शब्दाला सारखं वजन देते. नाहीतर 'आणि'सारखा शेकड्यानं येणारा शब्दच सगळा निकाल ठरवून मोकळा झाला असता.

रोलिंग प्रकरणात जुओला यांनी चार चाचण्या केल्या. शब्दांची लांबी, सर्वाधिक येणारे १०० शब्द, शेजारी येणाऱ्या शब्दांच्या जोड्या आणि चार-चार अक्षरांचे गट. तुलनेला रोलिंग यांची मोठ्यांसाठीची कादंबरी 'द कॅज्युअल व्हेकन्सी' आणि रूथ रेंडेल, पी. डी. जेम्स, व्हॅल मॅकडर्मिड या तीन गुन्हेकथा लेखिकांची एकेक कादंबरी घेतली. बाकीच्या लेखिका एखाद्या चाचणीत जवळ येत आणि दुसरीत लांब जात. सातत्यानं जवळ राहिल्या त्या रोलिंग.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. 'ही कादंबरी रोलिंग यांचीच आहे' असं आकडे म्हणत नव्हते. 'या चौघींपैकी रोलिंग यांच्याशी सगळ्यात जास्त जुळते' एवढंच ते म्हणत होते. खरी लेखिका कुणी पाचवीच असती आणि ती यादीतच नसती, तर संगणकानं तरीही या चौघींपैकीच एकीचं नाव सांगितलं असतं. म्हणूनच एकच एजंट, एकच संपादक हा बाहेरचा पुरावा आणि शेवटची कबुली यांचं महत्त्व मोठं.

हे शास्त्र चुकतं का?

चुकतं, आणि मोठ्या दिमाखात चुकतं.

अमेरिकेतल्या व्हासर कॉलेजचे प्राध्यापक डोनाल्ड फॉस्टर यांची गोष्ट यासाठी महत्त्वाची आहे. १९९६ मध्ये 'प्रायमरी कलर्स' नावाची एक निनावी राजकीय कादंबरी गाजत होती. बिल क्लिंटन यांच्या निवडणूक प्रचाराशी तिचं कथानक उघडपणे जुळत होतं. फॉस्टर यांनी मजकूर तपासून सांगितलं की लेखक पत्रकार जो क्लाइन आहेत. क्लाइन यांनी जोरात इन्कार केला. पण काही महिन्यांनी हस्ताक्षराचा पुरावा पुढे आला आणि त्यांना कबूल करावं लागलं. फॉस्टर बरोबर ठरले.

याच फॉस्टर यांनी १६१२ मधलं एक लांबलचक शोककाव्य शेक्सपिअरचं असल्याचा दावा केला होता. त्यावर लेखकाच्या नावाची फक्त 'डब्ल्यू. एस.' ही आद्याक्षरं होती. दावा इतका गाजला की अमेरिकेत शेक्सपिअरच्या समग्र साहित्याच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही कविता छापली गेली. पण इतर अभ्यासकांनी पुरावे मांडले की ती नाटककार जॉन फोर्ड याच्या शैलीशी कितीतरी जास्त जुळते. २००२ मध्ये फॉस्टर यांनी जाहीरपणे चूक मान्य केली.

एकच अभ्यासक एकदा बरोबर, एकदा चूक. फरक कुठे पडला? खरा लेखक तुलनेत नीट घेतला गेला नाही, तर जुळणारा पुरावा भरपूर असूनही उत्तर चुकू शकतं.

दुसरी अडचण लांबीची. पोलंडचे अभ्यासक मचेय एडर यांनी किती शब्द असले म्हणजे निकाल भरवशाचा, याचा अभ्यास केला. कादंबरीसाठी त्यांचं उत्तर साधारण ५ हजार शब्द असं आलं. त्याहून खूप छोट्या मजकुरात योगायोगाचा गोंधळ इतका असतो की सवय कोणती आणि योगायोग कोणता, हे वेगळं काढणं अवघड होतं.

तिसरी अडचण सहलेखनाची. शेक्सपिअरच्या काळात नाटकं अनेकदा दोघातिघांनी मिळून लिहिली जात. २०१६ मध्ये 'न्यू ऑक्सफर्ड शेक्सपिअर' या आवृत्तीनं 'हेन्री द सिक्स्थ' या नाटकाच्या तिन्ही भागांवर शेक्सपिअरसोबत मार्लो याचं नाव सहलेखक म्हणून छापलं. त्यामागे शब्दमोजणीचाही मोठा वाटा होता. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही.

मराठीत असा वाद झाला आहे का?

झाला आहे, आणि तो मराठीतल्या सगळ्यात मोठ्या नावाबद्दल झाला.

१८९८-९९ च्या सुमारास 'सुधारक' पत्रात शिवराम एकनाथ भारदे यांनी लेखमाला लिहिली. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची त्यामानानं नवी. अभंगांत विठ्ठलभक्ती ओतप्रोत, ज्ञानेश्वरीत तसा विठ्ठल दिसत नाही. असे त्यांचे मुद्दे होते. त्यावर मोठं वादळ उठलं आणि अनेकांनी त्याला उत्तरं दिली. ज्ञानदेव एकच, असं मानणाऱ्या अभ्यासकांची बाजू पुढे भक्कम राहिली. पण भाषेवरून लेखक ओळखण्याचा प्रश्न मराठीत तेव्हाच उभा राहिला होता. आणि योगायोग पाहा, हे लेख भारदे यांनी लिहिले तेही 'भारद्वाज' या टोपणनावानं.

मग आज संगणकाला विचारून हा वाद मिटवता येईल का? इतकं सोपं नाही.

ज्ञानेश्वरी ओवीत आहे, तीही गीतेवरची टीका. अभंग हा गाण्याचा प्रकार. मेंडेनहॉल यांची चूक इथे पुन्हा होऊ शकते. दोन लेखनप्रकारांतला फरक दोन माणसांतला फरक म्हणून दिसेल. शिवाय ज्ञानेश्वरी १२९० मधली, आणि १५८४ मध्ये एकनाथांनी तिचे पाठ शुद्ध केले. अभंग तर शतकानुशतकं तोंडी गायले गेले. गाणाऱ्यानं आणि उतरवून घेणाऱ्यानं नकळत आपल्या काळाचा शब्द घातला असणार. म्हणजे मोजायला जे शब्द हाताशी आहेत, ते मूळ कवीचे किती आणि मधल्या माणसांचे किती, हाच प्रश्न आहे.

नामदेवांच्या बाबतीतही असंच. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींच्या रचना मिसळल्या गेल्या आहेत. शेवटी 'नामा' ही नाममुद्रा दिसली की संग्रह करणाऱ्यानं ती नामदेवांच्या खात्यात टाकली. नाव लिहिलेलं आहे म्हणून लेखक ठरत नाही, हे मराठी संतसाहित्याच्या अभ्यासकांना फार आधीपासून माहीत आहे.

आधुनिक मराठीतही अडचणी आहेत. इंग्रजीत 'घरासाठी' म्हणायला सुटे शब्द लागतात. मराठीत 'साठी', 'मध्ये', 'वर' हे शब्द नामाला चिकटतात. त्यामुळे नुसते शब्द मोजून भागत नाही. आधी ते सुटे करावे लागतात, आणि तिथेच चूक व्हायला वाव असतो.

दुसरी भानगड शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांनंतर न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि 'केलें'चं 'केले' झालं. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या नव्या नियमांनी छापल्या जातात. एका लेखकाचं पुस्तक जुन्या छपाईतलं घेतलं आणि दुसऱ्याचं नव्या, तर अक्षरं मोजणारी चाचणी लेखकाऐवजी मुद्रितशोधक ओळखेल. एकाच लेखिकेचा मजकूर एका दैनिकात 'असे', 'केले' असा छापतात आणि दुसऱ्या ठिकाणी 'असं', 'केलं' असा. हा फरक तिचा नाही, संपादकीय खात्याचा आहे.

मग व्हॉट्सॲपवरचा 'पु. लं.चा' मेसेज?

पु. ल. देशपांडे, व. पु. काळे, कुसुमाग्रज यांच्या नावानं फिरणारे मेसेज प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपवर येतात. त्यातले कितीतरी त्यांच्या कुठल्याही पुस्तकात सापडत नाहीत. मग शैलीमापनानं ते पकडता येतील का?

बहुतेक वेळा नाही. असा मेसेज शे-दीडशे शब्दांचा असतो. भरवशाच्या निकालासाठी लागणाऱ्या लांबीच्या तो आसपासही नसतो. त्यातच फॉरवर्ड करणारे मधल्या ओळी गाळतात, स्वतःचे शब्द घालतात.

इथे जुना उपायच कामाचा आहे. पुस्तकाचं नाव आणि पान मागा. जो मेसेज 'पु. ल. म्हणतात' एवढंच सांगतो आणि कुठे म्हणतात ते सांगत नाही, तो त्यांचा आहे असं धरून चालू नये. यात नुकसान दोघांचं होतं. जे शब्द लेखकानं लिहिलेच नाहीत ते त्याच्या तोंडी जातात आणि ज्या कुणी अनोळखी माणसानं ते खरंच लिहिले, त्याचं नाव पुसलं जातं.

निनावी राहायचं असेल तर?

टोपणनावामागे नेहमी खोडसाळपणा नसतो. कुणी भीतीपोटी नाव लपवतं, कुणी नोकरी सांभाळायला, कुणी फक्त लिखाण नावाशिवाय वाचलं जावं म्हणून. रोलिंग यांनाही नवा लेखक म्हणून, अपेक्षांच्या ओझ्याशिवाय वाचलं जायचं होतं. ते तीन महिनेच टिकलं.

इटालियन लेखिका एलेना फेरांते यांनी तर पहिल्या पुस्तकापासून खरं नाव जाहीर केलेलं नाही. २०१७ च्या सुमारास इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ४० इटालियन लेखकांच्या १५० कादंबऱ्या गोळा केल्या आणि वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांना तपासायला दिल्या. फेरांते यांच्या शैलीशी सगळ्यात जवळचे निघाले लेखक दोमेनिको स्तारनोने. स्तारनोने यांनी आपण फेरांते असल्याचं कायम नाकारलं आहे. एखाद्याला नाव सांगायचं नसेल तर ते शोधून काढायचा हक्क इतरांना आहे का, हा प्रश्न या प्रकरणानं जगभर चर्चेत आणला.

कादंबरीकारासाठी हा प्रश्न खासगीपणाचा आहे. ऑफिसमधला भ्रष्टाचार निनावी पत्रातून उघड करणाऱ्यासाठी तो नोकरीचा, कधी जिवाचाही असू शकतो. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी याची उलटी बाजू तपासली. त्यांनी सामान्य लोकांना सांगितलं की मुद्दाम शैली बदलून लिहा किंवा दुसऱ्या लेखकाची नक्कल करा. तेव्हा लेखक ओळखणाऱ्या पद्धतींची अचूकता घसरून अंदाजानं नाव घेण्याच्या पातळीवर आली. छोट्या मजकुरात, जाणीवपूर्वक प्रयत्न केला तर सवय काही काळ दाबता येते. कादंबरीभर दाबणं कठीण.

यातून एक सावधगिरीचा मुद्दा निघतो. उद्या कुणी 'सॉफ्टवेअरनं सांगितलं, हे निनावी पत्र याचंच' असं म्हणालं, तर चार प्रश्न विचारायला हवेत. मजकूर किती शब्दांचा होता? तुलनेला कुणाकुणाचं लिखाण घेतलं? ते त्याच प्रकारचं होतं का? आणि आकड्यांखेरीज दुसरा पुरावा काय आहे? या प्रश्नांची उत्तरं नसतील, तर तो निकाल म्हणजे फक्त संशय आहे. त्यावर कुणाला दोषी धरता येत नाही.